अणुभट्टीतला आवाज: पाण्याच्या थरथरीचं गणित

आजचा विषय नाव ऐकून अवघड वाटेल, पण धरून बसा, तो आपल्या नळ, हंडा आणि तंबोऱ्याच्याच घरातला आहे. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यात आवाज कसा फिरतो, त्या आवाजाने धातू कसा थकतो आणि हे सगळं आधी कागदावर कसं मोजायचं, हे आज बघू.

पहिला प्रश्न साहजिक आहे. अणुभट्टी म्हटलं की डोळ्यांसमोर किरणोत्सर्ग येतो, आवाजाचं तिथे काय काम? याचं उत्तर मिळेपर्यंत आपण एका मोडलेल्या इंधनाच्या तुकड्यापर्यंत पोहोचलेलो असू.

कैगाचे ९६२ दिवस

उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी कैगाचं अणुवीज केंद्र आहे. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. या केंद्राची वीज दक्षिणेच्या जाळ्यात जाते, म्हणजे बंगळुरूच्या दिव्यांत तिचाही वाटा असतो. त्यातली पहिल्या क्रमांकाची अणुभट्टी १३ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी तपासणीसाठी मुद्दाम थांबवली गेली. मधले ९६२ दिवस ती एकदाही बंद पडली नाही. तेव्हा तो जगातला विक्रम होता.

आपण या आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघू. ९६२ दिवस म्हणजे सुमारे ८ कोटी ३१ लाख सेकंद. एखादा पंप पाण्याला सेकंदाला १२५ छोटे धक्के देत असेल, तर तेवढ्या काळात धक्क्यांची संख्या हजार कोटींच्या वर जाते. प्रत्येक धक्का किरकोळ असतो. पण किरकोळ धक्का हजार कोटी वेळा, त्याच जागी, त्याच तालात बसला तर? लोखंडी तार हाताने तोडायची असेल तेव्हा आपण ताकद लावत नाही, तीच ती जागा पुन्हा पुन्हा वाकवतो. थोड्या वेळाने तार आपोआप तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. आजच्या गोष्टीतला खलनायक हाच.

आपल्याकडे या थकव्याचा अनुभव आलेला आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती थकून तुटली. त्यामुळे उसळलेल्या कंपनांनी हायड्रोजन वायू बाहेर पडला, आग लागली, आणि केंद्राचा वीजपुरवठा १७ तास पूर्ण बंद होता. अणुभट्टी सुरक्षित बंद झाली आणि किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, पण दोन पात्यांचा थकवा कुठवर जाऊ शकतो हे सगळ्यांना दिसलं. ती गोष्ट टर्बाइनची होती. आपली आजची गोष्ट पाण्याच्या बाजूची आहे.

पाणी कुठून कुठे जातं?

आधी नकाशा मनात आणू. कैगासारख्या अणुभट्टीत आडव्या ३०६ नळ्या असतात. प्रत्येक नळीत जवळपास अर्धा मीटर लांबीची इंधनाची १२ बंडलं एकापुढे एक ठेवलेली असतात. एका बंडलात १९ कांड्या, आणि दोन्ही टोकांना त्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ चकत्या. म्हणजे ऊस बांधतात तशी मोळीच, फक्त दोरीऐवजी चकत्या आणि वेल्डिंग.

या मोळ्यांवरून जड पाणी वाहतं. आत शिरताना ते सुमारे २५० अंश सेल्सियसला असतं आणि बाहेर पडताना २९० अंशांच्या वर. एवढं तापूनही ते उकळत नाही, कारण त्यावरचा दाब वातावरणाच्या ऐंशी-नव्वद पट असतो. चार मोठे पंप हे पाणी ढकलतात. पंपातून पाणी एका जाड आडव्या नळात येतं, त्याला हेडर म्हणतात. हेडरमधून बारीक नळ्या फुटतात, त्या फीडर. प्रत्येक इंधन-नळीला आत जाणारा एक आणि बाहेर येणारा एक, असे एकूण ६१२ फीडर. काही नळ्या हेडरच्या जवळ, काही दूर, त्यामुळे फीडरची लांबी वेगवेगळी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पंपाचा सूर

पंपाच्या आत एक फिरकी असते, तिला इम्पेलर म्हणतात. तिला पाच-सात वळणदार पाती असतात. प्रत्येक पातं पंपाच्या बाहेर जाण्याच्या तोंडासमोरून गेलं की पाण्याला एक लहानसा झटका बसतो. झटक्यांची गती काढायला गुणाकार पुरे:

झटके प्रति सेकंद = पात्यांची संख्या × सेकंदाला फेरे.

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. अशा विजेवरची एक नेहमीची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खाली फिरते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. पाती पाच असतील तर २५ × ५ = १२५ हर्ट्झ. सात असतील तर १७५. हा त्या पंपाचा सूर. तंबोऱ्याची तार छेडावी तसा पंप हा सूर पाण्यात सतत सोडत राहतो.

आता एक गैरसमज दूर करू. पाणी नळ्यांतून सेकंदाला फार तर काही मीटर वेगाने वाहतं. पण दाबाचा झटका पाण्यातून आवाजाच्या वेगाने जातो, आणि तो प्रवाहाच्या दिशेने जातो तसाच उलट्या दिशेनेही जातो. इमारतीत एखाद्याने वरच्या मजल्यावर नळ झटकन बंद केला की खालच्या मजल्यावर पाइप दणकतो, तो याच कारणाने. पाणी जागचं हललेलं नसतं, पण बातमी पोहोचलेली असते.

आवाजाचा वेग: पहिली मेख

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. २५ अंशांच्या साध्या पाण्यात तो जवळपास १५०० मीटर जातो. जड पाण्यात, त्याच तापमानाला, सुमारे १४००. पण अणुभट्टीतलं पाणी २५ अंशांचं नसतं. साध्या पाण्यात आवाजाचा वेग ७४ अंशांपर्यंत थोडा वाढतो आणि नंतर घसरत जातो. जड पाण्याचंही तसंच. २५० ते २९० अंशांच्या मधल्या जड पाण्यात तो हजार मीटरच्या आसपास येतो. आपण हिशेबासाठी १००० धरू.

बुडबुडे असतील तर गणित आणखी बिघडतं. साध्या दाबाच्या पाण्यात आकारमानाने फक्त १ टक्का हवेचे बुडबुडे मिसळले, तर त्या मिश्रणात आवाजाचा वेग १५०० वरून १०० मीटरच्या आसपास कोसळतो. म्हणजे नुसत्या पाण्यापेक्षाच काय, नुसत्या हवेपेक्षाही कमी! कारण मिश्रण पाण्याइतकं जड राहतं, पण बुडबुड्यांमुळे स्पंजसारखं दबतं. जड आणि मऊ, दोन्ही दुर्गुण एकत्र.

हे घरी करून बघा. पेल्यात गरम पाणी घ्या, त्यात इन्स्टंट कॉफीची पूड टाकून ढवळा, आणि चमच्याने पेल्याच्या तळाशी ठोकत राहा. सुरुवातीला सूर खाली असतो. बुडबुडे वर येऊन फुटतात तसा सूर चढत जातो. पेला तोच, पाणी तेवढंच, बदलला तो फक्त पाण्यातला आवाजाचा वेग. पेल्यातली ही गंमत अणुभट्टीत गंमत राहत नाही. काक्रापारला सुरू झालेल्या आणि कैगालाही उभारणी हाती घेतलेल्या ७०० मेगावॉटच्या नव्या रचनेत नळीच्या बाहेरच्या टोकाशी पाणी थोडंसं उकळू दिलेलं आहे. म्हणजे तिथे वाफेचे बुडबुडे असतात. जुन्या अणुभट्टीचं गणित तिथे जसंच्या तसं उचलून चालत नाही.

नळीची लांबी: दुसरी मेख

नळाखाली हंडा भरताना आपण पाठमोरे असलो तरी तो भरत आल्याचं कळतं. आवाज चढत जातो. कारण हंड्यातला हवेचा उरलेला भाग आखूड होत जातो, आणि आखूड पोकळीचा सूर वरचा असतो. बासरीचंही तेच.

पाण्याने भरलेल्या नळीलाही असाच स्वतःचा सूर असतो. दोन्ही टोकं मोठ्या नळात उघडत असतील तर नळीचा मूळ सूर काढायचं सूत्र सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट. ४ मीटरची नळी आणि १००० मीटरचा वेग घ्या. १००० ÷ ८ = १२५ हर्ट्झ. आणि आपल्या पंपाचा सूर काय होता? १२५!

इथे अनुनाद होतो. पंपाचा प्रत्येक झटका नळीत गेलेल्या आधीच्या लाटेला नेमका योग्य क्षणी गाठतो, झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यासारखा. झोका चढत जातो. नळीत एक स्थिर लाट उभी राहते: काही जागी दाब जोरात वरखाली होतो, काही जागी दाब जवळपास स्थिर पण पाणी जोरात पुढेमागे हलतं. शाळेच्या पुस्तकात निष्पंद आणि प्रस्पंद बिंदू शिकलो होतो ना, तेच.

किती वाढतो हा झोका? ते अवमंदनावर अवलंबून आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत किती ऊर्जा घर्षणात विरते यावर. अवमंदन १ टक्का असेल तर सूर तंतोतंत जुळल्यावर थरथर सुमारे ५० पट होते. पण नळीचा सूर १२५ ऐवजी १०० असेल, तर त्याच झटक्याने ती दुपटीपेक्षाही कमीच राहते. ५० आणि २, एवढा फरक. म्हणून या शास्त्रात पंप किती जोरात गातो यापेक्षा कोणत्या सुरात गातो हे महत्त्वाचं.

आता ते ६१२ फीडर आठवा. प्रत्येकाची लांबी वेगळी, म्हणजे प्रत्येकाचा सूर वेगळा. एवढ्या गर्दीत कोणाचा ना कोणाचा सूर पंपाशी जुळण्याची शक्यता उरतेच. शिवाय नळी एकटी नसते. ती हेडरला जोडलेली, हेडर पंपाला, पंप स्टीम जनरेटरला. सगळ्यांचा मिळून एक सूर होतो.

तिसरी गंमत तापमानाची. समजा एक नळी ५ मीटरची आहे. पाणी थंड असताना तिचा सूर १४०० ÷ १० = १४० हर्ट्झ. पूर्ण तापल्यावर १००० ÷ १० = १०० हर्ट्झ. दोन्ही वेळा १२५ पासून लांब, म्हणजे सगळं ठीक. पण १४० वरून १०० वर जाताना वाटेत १२५ लागतंच, दोनशे अंशांच्या आसपास. थंड चाचणीत शांत, गरम चाचणीत शांत, आणि मध्येच थरथर. याचा अर्थ, हिशेब एका तापमानाला करून थांबायचं नाही. सुरू करण्यापासून पूर्ण ताकदीपर्यंतचा सगळा जिना चढून बघायचा. चाचणी साध्या पाण्यावर आणि चालवणं जड पाण्यावर असेल, तर तोही फरक धरायचा.

डार्लिंग्टनमध्ये काय झालं?

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतात डार्लिंग्टन नावाचं केंद्र आहे. अणुभट्ट्या आपल्याच जातकुळीच्या, जड पाण्याच्या, पण बऱ्याच मोठ्या: ४८० नळ्या, प्रत्येकीत १३ बंडलं. आपलं नातंही जुनं आहे. राजस्थानात रावतभाट्याची पहिली अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती. १९७४ नंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढची वाट आपण स्वतः केली, पण मूळ रचना एकच. म्हणून त्यांच्याकडचा धडा आपल्यालाही लागू.

१९९० मध्ये डार्लिंग्टनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या नव्याकोऱ्या अणुभट्टीत इंधन बदलताना अडचण आली. तपासल्यावर एका नळीत बंडलं मोडलेली सापडली. कांड्यांना धरून ठेवणाऱ्या टोकाच्या चकत्यांना थकव्याच्या भेगा पडल्या होत्या. आणखी नळ्या तपासल्या, तिथेही इजा दिसली, पण सगळीकडे सारखी नाही.

शोध घेता घेता बोट पंपाकडे वळलं. कॅनडातली वीज ६० हर्ट्झची. तिथला पंप मिनिटाला १८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०. पाती पाच. ३० × ५ = १५० हर्ट्झ. नेमक्या याच सुराला पंप, हेडर आणि फीडरच्या जाळ्यात अनुनाद होत होता, आणि वाढलेली दाबाची थरथर फीडरमधून थेट बंडलांपर्यंत पोहोचत होती.

१५० हर्ट्झ म्हणजे चकतीला दिवसाला सुमारे १ कोटी ३० लाख वेळा ताण. थकव्याच्या शास्त्रात १ कोटी फेऱ्या हा एक ठरलेला टप्पा मानतात. हा टप्पा १९ तासांच्या आत पार होतो! म्हणजे अशी चूक वर्षानुवर्षं लपून राहत नाही, पण ती कळेपर्यंत काम झालेलं असतं.

उपाय काय केला? पहिला विचार मनात येतो तो चकत्या जाड करण्याचा. पण जाड चकती पाण्याची वाट अडवते, इंधनाचं गणित बिघडवते, आणि झोका तर तसाच राहतो. त्यांनी पंपाची फिरकी बदलली. पाच पात्यांऐवजी सात. ३० × ७ = २१० हर्ट्झ. पाती वाढली की प्रत्येक पात्याच्या वाट्याला येणारा भारही कमी होतो. पण मुख्य गोष्ट ही की पंपाचा सूर नळ्यांच्या सुरापासून लांब गेला. नळ्या त्याच, मोटर तीच, वेग तोच. फक्त दोन पाती जास्त.

मोडलेल्या बंडलाचं एवढं काय, असं वाटेल. पण कांडीवरचं धातूचं कवच ही किरणोत्सर्ग अडवणारी एक पहिल्या फळीतली भिंत आहे. ती फुटली की आतला माल पाण्यात येतो, पाणी नळ्यांतून सगळीकडे फिरतं, आणि मग तिथे देखभालीला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा हिशेब चढतो. आवाजाचं गणित चुकलं तर त्याची किंमत मोजणारा माणूस हा असतो.

हे गणित मांडतात कसं?

आता बंगळुरूला येऊ. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक एम. एल. मुंजाळ यांनी नळ्यांमधल्या आवाजावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं ‘ॲकूस्टिक्स ऑफ डक्ट्स अँड मफलर्स’ हे पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि जगभरच्या अभियंत्यांनी ते वापरलं. मफलर म्हणजे आपल्या स्कूटरचा सायलेन्सर. बंगळुरूच्या रस्त्यावर उभं राहून सायलेन्सरचं महत्त्व वेगळं सांगायला नको! पण सायलेन्सरमधून जाणारा धूर आणि फीडरमधून जाणारं जड पाणी, दोघांना लागू होणारं गणित एकाच घराण्यातलं आहे.

पद्धत अशी. नळ्यांचं सगळं जाळं छोट्या तुकड्यांत तोडायचं: सरळ नळी, रुंद होणारा भाग, फाटा, पोकळी. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाशी दोनच गोष्टी विचारायच्या: दाब किती थरथरतोय आणि पाणी किती पुढेमागे होतंय? या दोन कळल्या की दुसऱ्या टोकाच्या त्याच दोन गोष्टी काढता येतात. हे नातं चार संख्यांच्या एका चौकटीत मावतं. एका तुकड्याची चौकट पुढच्या तुकड्याच्या चौकटीने गुणायची, तिला पुढच्याने. सगळ्या चौकटी गुणल्या की पंपापासून बंडलापर्यंत निरोप कसा पोहोचतो ते एका चौकटीत मिळतं. मग एक एक वारंवारता घेऊन विचारायचं: या सुराला उत्तर मोठं येतं का? जिथे शिखर दिसतं तिथे अनुनाद. ते शिखर पंपाच्या सुरापासून किती लांब आहे, हे बघायचं.

मग दुसरा अर्धा भाग. पाण्याचा सूर कळला, पण धातूचाही स्वतःचा सूर असतो. नळी कशी वाकते, बंडल कसं डुलतं, त्यांच्या वारंवारता वेगळ्या काढायच्या. पाण्याचा सूर, धातूचा सूर आणि पंपाचा सूर असे तिघं एका जागी भेटणार नाहीत, हे बघणं म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं सार. शेवटी चकतीवर किती ताण येतो ते काढून, तेवढा ताण हजार कोटी वेळा ती सोसेल का, हे तपासायचं.

याच शहरात १९३४ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तालवाद्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तबल्याच्या, मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाई का लावतात, याचं उत्तर त्यात आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईचं वजन मध्ये चढवलं की ते सरकतात आणि सुरेल नात्यात येतात. वाद्य बनवणारा कारागीर वजन आणि आकार बदलून सूर जुळवतो. अणुभट्टीचा अभियंता तेच ज्ञान वापरून सूर मुद्दाम मोडतो.

वाफेच्या बाजूचा धडा

पंप नसला तरी आवाज जन्माला येऊ शकतो. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती वाजते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात क्वाड सिटीज नावाचं केंद्र आहे. तिथल्या अणुभट्ट्यांत पाणी आतच उकळतं, आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसारखं. तिथे वीज वाढवण्यासाठी ताकद सुमारे १८ टक्क्यांनी वाढवली. ताकद वाढली म्हणजे वाफेचा वेग वाढला. नंतर २००२ आणि २००३ मध्ये वाफ कोरडी करणाऱ्या मोठ्या पोलादी भागाला भेगा पडलेल्या आढळल्या.

कारण? वाफेच्या मुख्य नळावर सुरक्षा झडपा बसवलेल्या असतात. झडप बंद असते, पण तिच्यापर्यंत जाणारी आखूड नळी म्हणजे एका बाजूने बंद बाटलीच. तिच्या तोंडावरून वाढलेल्या वेगाने वाफ गेली आणि ती वाजू लागली. हिशेब करून बघू. अशा नळीचा सूर = आवाजाचा वेग भागिले लांबीची चौपट. त्या वाफेत वेग जवळपास ४९० मीटर. लांबी साधारण ८० सेंटिमीटर धरली तर ४९० ÷ ३.२ म्हणजे दीडशे हर्ट्झच्या आसपास. भेगा पाडणारा सूर याच टापूत होता. ताकद वाढवण्याआधी वाफ हळू होती, बाटली गप्प होती.

उपायही सायलेन्सरच्या शास्त्रातला निघाला. झडपांच्या नळ्यांना बाजूने एक बंद पोकळी जोडली, म्हणजे तिचा सूर आणि लांबीचं नातं बदललं, आणि आवाज विरू लागला.

इथला धडा असा की, चालू यंत्र आणखी जोरात चालवायचं ठरवलं की जुना हिशेब संपतो. ‘वीस वर्षं काही झालं नाही’ हे उत्तर नव्या वेगाला लागू पडत नाही.

कागद कुठे कमी पडतो?

हे गणित सुराची जागा चांगली सांगते, पण झोका किती उंच जाईल हे तितक्या खात्रीने सांगत नाही. कारण अवमंदन. वळणावर किती ऊर्जा विरेल, वेल्डिंगच्या जोडापाशी किती, सैल बसलेलं बंडल नळीला घासून किती ऊर्जा खाईल, हे सूत्रात नीट मावत नाही. १ टक्क्याऐवजी अर्धा टक्का निघाला तर ५० पट थरथर १०० पट होते. म्हणून शहाणे लोक उंचीच्या अंदाजावर भरवसा ठेवण्याऐवजी सूर लांब ठेवतात.

आणि मोजतात. अणुभट्टी सुरू करण्याआधीच्या चाचण्यांत नळ्यांवर कंपन मोजणारी आणि पाण्यात दाब मोजणारी उपकरणं बसवतात, आणि कागदावरची शिखरं प्रत्यक्षात तिथेच आहेत का ते बघतात. मोजमाप आणि हिशेब जुळले नाहीत तर हिशेब दुरुस्त करायचा, मोजमाप नाही. एक पंप बंद असताना काय होतं, दोन पंपांच्या वेगात किंचित फरक असल्याने थरथर चढते-उतरते का, हेही तपासायचं. दोन तंबोरे जरासे बेसूर असले की आवाजात लाटा येतात ना, तसंच.

आता सुरुवातीचा प्रश्न: अणुभट्टीत आवाजाचं काय काम? पंप फिरतो तिथे आवाज असणारच, तो बंद करता येत नाही. त्याला घर मिळू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. त्यासाठी हव्यात तीन संख्या: पंपाचा सूर, पाण्यातला आवाजाचा वेग आणि नळीची लांबी. पहिली दोन पात्यांनी बदलते, दुसरी तापमानाने आणि बुडबुड्यांनी, तिसरी नकाशावर रेघ ओढताना ठरते. म्हणून हा हिशेब पोलाद कापण्याआधी झाला तर त्याची किंमत काही दिवसांची मेहनत असते, आणि नंतर झाला तर मोडलेलं इंधन बाहेर काढण्याची.

कॉफीच्या पेल्याचा प्रयोग नक्की करा आणि सूर किती चढला ते कळवा. घरात कोणी सूर ओळखणारं असेल तर पेटीवर जुळवूनही बघा. पेल्यातलं पाणी किती उंच आहे ते मोजलंत, तर सुरुवातीला आवाजाचा वेग किती होता हेही तुम्हाला काढता येईल. तळ बंद आणि वरचं तोंड उघडं, म्हणजे चौपटीचं सूत्र वापरायचं. पेल्याच्या भिंतीही थोड्या ताणतात, त्यामुळे उत्तर पुस्तकातल्यापेक्षा जरा कमी येईल, आणि फीडरच्या भिंतींचा हिशेब अभियंते का धरतात हेही त्यातच कळेल. भेटू पुढच्या भागात.